जुन्या मालमोटारीचे एंजिन बंद पडणे व तापणे

आंब्याचा हंगाम म्हणजे मालमोटारीची परीक्षाच होय. एप्रिल व मे या महिन्यांत रत्नागिरी, राजापूर, देवगड या बाजूंचा हापूस कोल्हापूरच्या पेठेत नेणाऱ्या गाड्यांस आंबा घाट, फोंडा घाट किंवा करूळ घाट यांपैकी एखादा घाट भरल्या अंगाने चढावा लागतो. उष्ण हवा, पुरे ओझे, मंद वेग व सतत चढ या एंजिनास त्रास देणाऱ्या चारही गोष्टी तेथे एकदम जमून येतात. त्यामुळे जे दोष सपाटीवर वर्षभर लपून राहतात ते घाटात तासाभरात उघडे पडतात. साखरपा सोडून चढणीस लागले की रस्त्याच्या कडेला पाण्याच्या कॅनांसह उभी असलेली एखादी तरी गाडी दृष्टीस पडतेच. ताडपत्रीखाली पेट्या उकडत असतात, पेठेतील सकाळचा लिलाव हुकणार हे मालकास कळून चुकलेले असते, आणि ड्रायव्हर म्हणत असतो, ‘गाडी तापून बंद पडली.’

या एका वाक्यात दोन निरनिराळी दुखणी एकत्र झालेली आहेत, व गाडीमालकाचा पुष्कळसा पैसा या घोटाळ्यातच जातो. एंजिन तापणे हे एक दुखणे व एंजिन बंद पडणे हे दुसरे. ती कधी एकमेकांपासून उद्भवतात. परंतु डिझेल एंजिनात तसे मानतात त्यापेक्षा फार थोड्या वेळा घडते. कोणते दुखणे मूळचे, हे गाडीचे सुटे भाग खोलण्यापूर्वीच कसे ओळखावे, एवढ्यापुरता हा लेख आम्ही योजिला आहे.

जुनी मालमोटार म्हणजे आमच्या मते, जिच्या एंजिनावर संगणकाचा अंमल नाही अशी डिझेल गाडी. टाटांनी डेम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५४ साली मालमोटारी बांधावयास घेतल्या, तेव्हापासून आपल्याकडे डिझेल गाड्यांचा प्रसार वाढत गेला. १९८६ साली निघालेली चारशेसात ही लहान मालमोटार तर बागायतदारांच्या विशेष परिचयाची आहे. या जातीच्या जुन्या गाड्यांत डिझेलचा पंप, नोझल, रेडिएटर, पाण्याचा पंप ही सर्व यंत्रे डोळ्यांनी पाहता येण्यासारखी व साध्या पान्याने उकलता येण्यासारखी असतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांप्रमाणे बांधलेल्या गाड्यांचे तंत्र अगदी वेगळे आहे. त्यांचा दोष संगणकास यंत्र जोडून वाचावा लागतो. त्यांस पुढील मजकूर थोडाच लागू पडेल.

उष्णता जाते कोठे

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो व राहिलेला बहुतेक भाग एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याने उचलून हवेत सोडावयाचा असतो. पाणी एंजिनातून रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याने ओढलेल्या हवेस आपली उष्णता देते व पंपाच्या योगाने पुन्हा एंजिनात जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. एंजिन थंड असताना ती मिटलेली राहते व पाणी ८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापले म्हणजे उघडू लागते. नेमका आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो.

रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसून एक यंत्र आहे, ही गोष्ट कित्येक जुने ड्रायव्हरही ध्यानात घेत नाहीत. उघड्या भांड्यातील पाणी समुद्रकाठी १०० अंशांवर उकळते. झाकणातील स्प्रिंगने अर्ध्या किलोचा जादा दाब धरला तर तेच पाणी ११० अंशांच्या थोडे पुढे जाईपर्यंत उकळत नाही. घाट चढू तसा हवेचा दाब उतरतो व उकळबिंदूही उतरतो. महाबळेश्वरासारख्या उंचीवर उघडे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. तेव्हा ज्या गाडीचे झाकण हरवले म्हणून पत्र्याचे बूच बसविले आहे, अथवा ज्याचे रबर कडक होऊन चिरले आहे, ती गाडी खाली बंदरावर ठीक चालून घाटमाथ्याजवळ उकळू लागली तर नवल नाही. नव्या झाकणाची किंमत ती काय! पण आमचा अनुभव असा की, रेडिएटर उतरवून दुरुस्तीस पाठविला जातो, आणि परत आल्यावर त्यावर तेच जुने झाकण बसते.

बंद कसे पडले ते आधी पहा

एंजिन बंद पडले की ताबडतोब स्टार्टर मारण्याचा मोह आवरावा. प्रथम पाण्याच्या उष्णतेचा काटा पाहावा, मागून ड्रायव्हरास एकच प्रश्न विचारावा: ‘एंजिन कसे थांबले?’

ओढ हळूहळू कमी होत गेली, एंजिन वरखाली होऊ लागले, पाय दाबूनही गाडी उचलेना व शेवटी ते मिणमिणत विझले, असे उत्तर आले तर बहुधा डिझेल पोचत नाही. दिवा मालवावा तसे एका क्षणात, कोणतीही सूचना न देता थांबले, तर एंजिन बंद करण्याची जी दांडी किंवा विजेचा सोलेनॉइड पंपास जोडलेला असतो तिकडे पाहावे. सोलेनॉइडाची तार सैल होऊन हादऱ्याने सुटणे हा प्रकार जुन्या गाड्यांत नेहमीचा आहे. परंतु काटा तांबड्यात चढला, एंजिनातून कण्हल्यासारखा जड आवाज आला, ओढ गेली व मग एक आचका देऊन ते थांबले, असे असेल तर ते दुखणे तिसऱ्या जातीचे होय. पिस्टन फुगून सिलिंडरात आवळला गेला आहे. अशा वेळी स्टार्टर मारणे म्हणजे जखमेवर घाव घालणे होय. पूर्ण निवेपर्यंत थांबावे, हाताने फिरविता येते का पाहावे, व येत असले तरी गाडी ओढूनच न्यावी.

डिझेल एंजिन नुसत्या गरमीने सहसा बंद पडत नाही. पूर्वीच्या पेट्रोलवरील मालमोटारींत नळीतील पेट्रोलचीच वाफ होऊन पुरवठा तुटे, म्हणून नळीवर ओले फडके टाकून ड्रायव्हर स्वस्थ बसत. तो समज डिझेल गाडीच्या युगातही चालत आला आहे. डिझेल त्या उष्णतेस उकळत नाही. म्हणून काटा नेहमीच्या जागी असून एंजिन विझले असेल, तर रेडिएटरकडे पाहण्याचे कारण नाही. फिरत्या वितरकाचा पंप असलेल्या काही एंजिनांत मात्र एक अपवाद आढळतो. पंप झिजला म्हणजे तापून पातळ झालेले डिझेल आतल्या आत निसटते, आणि एंजिन थंड असता सुरळीत चालू होऊन गरम असता मात्र चालू होत नाही. अशा पंपावर थंड पाणी ओतून पाहण्याची रीत आहे. तिने पंप अडकण्याचा धोका असल्याने ती आम्हांस पसंत नाही.

विश्रांतीने बरे होणारे दुखणे

आमच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण या ठिकाणी देण्यासारखे आहे. एका बागायतदाराची मालमोटार आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढताना दर खेपेस बहुधा निम्म्या चढणीवर विझे. दहा-पंधरा मिनिटे उभी केली की ती पुन्हा चालू होई व दोन-तीन मैल जाऊन परत विझे. विश्रांतीने बरी होते त्या अर्थी तापत असली पाहिजे, असा निष्कर्ष सर्वांनी काढला. पाण्याचा पंप नवा बसला, रेडिएटर साफ झाला, थर्मोस्टॅट काढून फेकण्यात आला. हंगामाच्या ऐन तीन आठवड्यांत दोन खेपांचा माल पिकून पेट्यांतच बसला व तो पडेल त्या भावाने द्यावा लागला. उष्णतेचा काटा या सर्व काळात मधोमध होता. त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

अखेरीस एका वृद्ध मेस्त्रींनी पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेऊन तो पंपाहून उंच, धुराच्या नळीपासून दूर बांधला व फीड पंपाची ओढणारी नळी टाकीऐवजी त्यात सोडली. गाडी न थांबता घाट चढली. दोष टाकीत आहे हे ठरले. टाकी उतरवून धुतली तेव्हा आत वीतभर चिंधी निघाली. टाकीचे झाकण हरवले असता कोणीतरी कोंबलेली ती आत पडली होती. डिझेलची ओढ जोरात असे तेव्हा ती चिंधी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी येऊन बसे. एंजिन थांबले की ओढ सुटे, चिंधी तळाशी जाई आणि वाट मोकळी होई. विश्रांती एंजिनास मिळत नव्हती, ती चिंधीस मिळत होती.

टाकीत हवा जाण्यासाठी झाकणास किंवा नळीस जे बारीक छिद्र असते ते मातीने बुजले तरी हुबेहूब हेच लक्षण दिसते. डिझेल जाते, पण त्याची जागा घेण्यास हवा येत नाही, व टाकीत पोकळी साचून पुरवठा अडतो. गाडी विझताच टाकीचे झाकण उघडावे. आत हवा ओढली जाण्याचा सूऽऽ असा आवाज आला तर निदान झाले. कोकणातील तांबडी धूळ या छिद्राची मोठी वैरी आहे.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे मेस्त्रींच्या भाषेत ‘एअर धरणे’. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. तिला सुईएवढी चीर पडली तरी तेथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून नळी बाहेरून कोरडी दिसली यावर विसंबू नये. टाकीत डिझेल कमी असून गाडी चढावर असली म्हणजे हा दोष अधिक जाणवतो. परतीच्या नळीच्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी जोडून पाहिल्यास बुडबुडे स्पष्ट दिसतात.

हवा काढण्याची रीत प्रत्येक ड्रायव्हरास आलीच पाहिजे. फिल्टरच्या माथ्यावरील हवेचा स्क्रू सैल करावा, फीड पंपाची हाताने चालवावयाची दांडी वरखाली करीत राहावे, फेस जाऊन सलग डिझेल येऊ लागले की डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळावा. तसेच मोठ्या पंपावरील स्क्रूचे करावे. एवढ्याने चालू न झाल्यास नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर फिरवावा व डिझेल आले की आवळावे. या वेळी डोळे व हात दूर ठेवावेत. नोझलमधून सुटणारी डिझेलची धार दिसते बारीक, पण ती कातडी भेदून मांसात शिरते, व तसे झाल्यास जखम किती लहान दिसते हे न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे.

फिल्टर तुंबणे, डिझेलमध्ये पाणी उतरणे, फीड पंपातील बारीक जाळी भरणे, ही कारणे सर्वश्रुत आहेत. पावसाळ्यात अर्धी रिकामी ठेवलेली टाकी आतून घामेजते व ते पाणी तळाशी साचते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून काळपट बुळबुळीत साय धरते. नवा फिल्टर आठवड्यात तुंबला तर हीच साय समजावी व टाकी उतरवून धुवावी. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवणे हा त्यावरील स्वस्त उपाय होय. हवेचा फिल्टर तुंबल्यास ओढ कमी होऊन काळा धूर येतो. एंजिन विझते असे क्वचितच घडते.

तापण्याचे दुखणे

आता ज्या गाडीचा काटा खरोखरच वर चढतो तिच्याकडे वळू. येथे आमचा आग्रह असा की, तपास बाहेरून आत व स्वस्तातून महागाकडे असावा.

पहिले काम थंड एंजिनात पाण्याची पातळी पाहणे. दुसरे, रेडिएटरच्या जाळीतून पलीकडचा उजेड दिसतो का हे पाहणे. जाळीत किडे, भुसकट, उसाचे पाचट व तांबडी माती भरलेली असते, आणि एंजिनाच्या पुढच्या सीलमधून तेल उडत असले तर ती माती चिखलासारखी घट्ट बसते. जाळी नेहमी एंजिनाच्या बाजूने बाहेर अशी धुवावी, व तीही हलक्या धारेने. गाडी धुण्याच्या जोरदार धारेने जाळीचे पातळ पत्रे दुमडतात व होती तीही वाट बंद होते.

पंख्याचा पट्टा दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबला असता अर्ध्या इंचाच्या आसपास दबावा. पट्ट्याची कड काचेसारखी चकाकू लागली असेल तर तो घसरत आहे असे समजावे. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदलावेत. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे दुरुस्तीच्या वेळी काढतात व पुन्हा बसवीत नाहीत. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळतो. पंखा उलटा बसविलेली गाडीही आम्ही पाहिली आहे.

रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. खालची नळी पंपाच्या ओढीखाली असते. ती आतून कुजली किंवा तिच्यातील स्प्रिंग गंजून गेली तर एंजिन जोरात चालविताच नळी चपटी होते व पाणी अडते. एंजिन थांबले की ती पूर्ववत् फुगते, म्हणून उभ्या गाडीत हा दोष कधीच सापडत नाही. एकाने रेस करावी व दुसऱ्याने हात पंख्यापासून दूर ठेवून नुसते पाहावे.

दुरून उष्णता मोजणारे लहान यंत्र हल्ली स्वस्त मिळते, व ते प्रत्येक गाडीत असावे असे आम्ही म्हणू. एंजिन गरम असता वरची नळी कढत व खालची अगदी थंड लागली, तर पाणी फिरत नाही: थर्मोस्टॅट मिटलेला, पंप निकामी किंवा रेडिएटरच्या नळ्या तुंबलेल्या. दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच कढत असतील तर पाणी फिरते आहे पण उष्णता टाकली जात नाही, तेव्हा हवेची बाजू पाहावी. एंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर जागोजाग माप घेतले असता मधेच थंड पट्टे आढळले, तर तेथील नळ्या आतून बंद झाल्या आहेत.

नळ्या कशाने बंद होतात हे ठिबक सिंचन करणाऱ्यास सांगावयास नको. ज्या कठीण पाण्याने लॅटरलची छिद्रे पांढऱ्या खारीने बुजतात तेच विहिरीचे पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. पाण्यातील कॅल्शियमचा विद्राव्य क्षार तापला की चुनखडीच्या रूपाने गरम पृष्ठभागावर बसतो. ही खार तांब्याच्या मानाने शेकडो पटींनी कमी उष्णता वाहते. म्हणून बाहेरचे पाणी साधारण गरम असताही सिलिंडरची भिंत पोळत राहते. घाटावरील काळ्या दगडातील विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. खाडीकाठच्या विहिरींचे मचूळ पाणी दुसऱ्या प्रकारे घातक आहे. त्यातील मीठ धातू खाते, व रेडिएटर खार धरण्याऐवजी गळू लागतो. पावसाचे धरलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी व तितकेच कूलंट असे निम्मेनिम मिश्रण भरणे हाच राजमार्ग होय. कोकणात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, अशी शंका नेहमी घेतली जाते. कूलंटमधील गंजविरोधी द्रव्ये हा तिचा खरा उपयोग आहे. ज्या एंजिनांत लायनरच्या बाहेरून प्रत्यक्ष पाणी खेळते त्यांत ती नसल्यास लायनरला बाहेरून खड्डे पडत जाऊन अखेर भोक पडते.

ठिबकच्या नळ्या ॲसिडने साफ होतात म्हणून रेडिएटरही त्याच ॲसिडने धुण्याचा प्रयोग काही ठिकाणी होतो. तो कदापि करू नये. ठिबकची नळी प्लॅस्टिकची असते. रेडिएटरचे डाख व एंजिनातील ॲल्युमिनियमचे भाग ॲसिड पाहता पाहता खाते. यासाठी मिळणारे सौम्य द्रावण वापरावे, अथवा टाक्या उकलता येण्याजोगा पितळी रेडिएटर असेल तर कारागिराकडून नळ्या सळईने साफ करून घ्याव्यात.

थर्मोस्टॅट काढून टाकणे ही आपल्याकडील मेस्त्री लोकांची आवडती मात्रा आहे. बऱ्याच एंजिनांत ही झडप उघडताना पाण्याची आडवाट मिटविते. ती काढली म्हणजे आडवाट कायमची उघडी राहते, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरात न जाताच पंपाकडे परततो, आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. सपाटीवर याच्या उलट एंजिन थंडच राहते, डिझेल जास्त लागते व सिलिंडर लवकर झिजतात. झडप चांगली की वाईट हे पाहण्यास मेस्त्रीही नको. भांड्यातील पाण्यात ती दोऱ्याने टांगावी, शेजारी तापमापक धरावा व पाणी तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडू लागली व पुढे पुरी उघडली तर ती पुन्हा बसवावी.

हे सर्व ठीक असून पाणी कमी होत राहते व गळती कोठेच दिसत नाही, असे झाल्यास मात्र हेड गॅस्केटची शंका घ्यावी. थंड एंजिनात रेडिएटर तोंडापर्यंत भरून, झाकण न लावता, एंजिन चालू करावे. थर्मोस्टॅट उघडण्यापूर्वीच पाण्यात सतत बुडबुडे येऊ लागले व रेस करताच वाढले, तर सिलिंडरातील वायू पाण्यात शिरत आहेत. चालू करून एक-दोन मिनिटांतच वरची नळी दगडासारखी टणक होणे हीही त्याचीच खूण. तेलाच्या दांडीवर दुधाळ फेस दिसला तर पाणी तेलात उतरले आहे. मग गाडी एक मैलही चालवू नये, कारण पाणीमिश्रित तेल बेअरिंगांस वंगण देत नाही.

कधी कधी दोष पाण्याच्या मार्गात मुळीच नसतो. चिकटलेला ब्रेक, घसरणारा क्लच, मागे पडलेले पंपाचे टायमिंग आणि नियमाबाहेरचे ओझे यांनीही काटा चढतो.

घाटात काय करावे

चढणीवर वरच्या गिअरमध्ये एंजिनास कुथवीत नेणे ही चूक सर्वत्र दिसते. एंजिन हळू फिरते तेव्हा पंखा व पंपही हळू फिरतात, आणि जळणारे डिझेल मात्र जास्त असते. वेळीच खालचा गिअर टाकावा. काटा चढू लागला तर वळण टाळून, मागून येणाऱ्यांस दिसेल अशा रुंद जागी गाडी घ्यावी. पाणी गेले नसेल तर एंजिन लगेच बंद न करता ओझ्यावाचून थोड्या वेगाने चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहून उष्णता समान पसरते. पाणी उडून गेले असेल, नळी फुटली असेल, तर ताबडतोब बंद करावे.

काट्याविषयी एक गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरास पढवून ठेवावी. काटा वर चढला व मग आपोआप झपाट्याने खाली आला, तर गाडी निवली असे मुळीच समजू नये. काट्याचे टोक पाण्यात बुडालेले असते तोवरच तो खरे सांगतो. पाणी संपून ते टोक कोरडे पडले म्हणजे काटा उतरतो, आणि एंजिन त्या क्षणी सर्वांत जास्त तापलेले असते. सुटकेचा निःश्वास टाकून ड्रायव्हर आणखी मैलभर चढतो, आणि तेवढ्यात हेड वाकते, पिस्टन आवळतात.

एंजिन विझले की ब्रेकचा आधारही तुटत असतो. लहान गाडीत ब्रेकास जोर देणारी पोकळी, मोठ्या गाडीत हवा, दोन्ही एंजिनाच्याच जोरावर तयार होतात. बंद पडल्यानंतर साठ्यातील जोर काही थोड्या दाबांपुरताच उरतो. स्टिअरिंगास जोर देणारी योजना असल्यास तीही थांबते व चाक जड होते. म्हणून ब्रेक पुनःपुन्हा न मारता एकदाच दाबून धरावा, हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा व क्लीनरने मागील चाकांस उटी लावावी. गाडी मागे उतरवून ढकलस्टार्ट करण्याचा विचार घाटात मनातही आणू नये. उटीसाठी लाकडी ठोकळे गाडीतच असावेत. रस्त्यावरचे दगड लावतात आणि गाडी निघाली की तेथेच टाकून जातात; रात्री तोच दगड मोटारसायकलवाल्याच्या चाकाखाली येतो.

गरम रेडिएटरचे झाकण उघडून तोंड व छाती भाजल्याची उदाहरणे दर उन्हाळ्यात घडतात. झाकण सुटले की दाब जातो, व ११० अंशांचे पाणी एकदम उकळून कारंज्यासारखे उडते. निदान अर्धा तास थांबावे, वरची नळी दाबून ती मऊ झाली आहे याची खात्री करावी, मग जाड गोणपाट घालून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, वाफ जाऊ द्यावी आणि तोंड बाजूला ठेवून ते काढावे. तापलेल्या कोरड्या एंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. तेव्हा निवल्यावर, एंजिन चालू ठेवून, थोडे थोडे पाणी घालीत जावे. घाटातील झऱ्याचे पाणी अडल्या वेळी चालेल. घरी आल्यावर ते काढून टाकून योग्य मिश्रण भरावे.

हंगामानंतर पाणी बदलताना जुने कूलंट गोठ्याजवळ, उकिरड्यावर किंवा पाटात सोडू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड असते, त्यामुळे गुरे व कुत्री ते आवडीने चाटतात, व थोड्याशा प्रमाणानेही त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती दगावतात. ते बंद डब्यात भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हातास लागणार नाही असे ठेवावे व जळके तेल नेणाऱ्या अधिकृत मनुष्याच्या हवाली करावे.